रक्त जात असताना जुलाब कशासाठी? आपत्कालीन कोलोनोस्कोपीपूर्वीच्या आतडे-सफाईचे एक प्रकरण

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले ६७ वर्षांचे एक गृहस्थ रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या अपघात विभागात आले. घरी त्यांना आबा म्हणत आणि वॉर्डातही तेच नाव चालू राहिले. संध्याकाळपासून तीन वेळा संडासावाटे गडद लाल रक्त गाठींसह पडले होते. पोटात दुखत नव्हते, उलटी नव्हती, ताप नव्हता. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला असल्याने ते रोज ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी घेत आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत. याखेरीज गुडघेदुखीसाठी मेडिकल दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या गेले महिनाभर चालू होत्या. ही माहिती मात्र त्यांनी आपण होऊन दिली नाही, सुनेने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली तेव्हा ती कळली. मूळव्याधीचे रक्त असावे असे गृहीत धरून घरच्यांनी संध्याकाळी एक चूर्णही दिले होते. प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे, त्यामुळे माणसांचा आणि रुग्णालयाचा शोध घेण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या गावातील मध्यम आकाराच्या कोणत्याही रुग्णालयात ते असेच घडू शकते.

आले तेव्हा नाडी मिनिटाला ११२ आणि रक्तदाब १०४/६६ होता. पोट मऊ होते, फुगलेले नव्हते. गुदतपासणीत बोटाला गडद लाल रक्त लागले. प्रॉक्टोस्कोपने, म्हणजे गुदद्वारात घालायच्या छोट्या नळीने, पाहता मूळव्याधीचे लहान कोंब दिसले, पण रक्त त्यांच्या वरून खाली येत होते. हिमोग्लोबिन ८.९, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी ठीक, रक्तातील युरिया ३४ आणि क्रिएटिनिन १.१ होते. युरियाचा आकडा इतका साधा असणे ही या रात्रीतली उपयोगी खूण होती, कारण जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जोरात रक्तस्राव झाला की ते रक्त पचते आणि युरिया क्रिएटिनिनच्या मानाने चांगलाच वर जातो. खालून रक्त जाणाऱ्या रुग्णाचा धोका मोजणाऱ्या ओकलंड गुणांकनानुसार वय, लिंग, गुदतपासणी, नाडी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन मिळून ३५ पैकी २७ गुण झाले. आठ किंवा त्याहून कमी गुण असतील तर रुग्णाला घरी सोडून पुढची तपासणी बाह्यरुग्ण विभागात करता येते. आबांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. दोन जाड सुया लावून एक लिटर रिंगर लॅक्टेट दिल्यावर तासाभरात नाडी ९० आणि रक्तदाब ११८/७४ झाला. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागल्यावर येणारा शॉक इंडेक्स आला तेव्हा एकाच्या वर होता, तो आता ०.७६ वर उतरला. म्हणजे रुग्ण सावरत होता, आणि सावरणारा रुग्ण हाताशी असणे म्हणजे विचार करायला वेळ हाताशी असणे होय.

तो वेळ आम्ही वापरला नाही. एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करणारे डॉक्टर दुसऱ्या एका रुग्णासाठी योगायोगाने रुग्णालयातच होते, मुलगा दर दहा मिनिटांनी ‘दुर्बीण कधी घालणार’ म्हणून विचारत होता, आणि आमच्यापैकी एकाने ते जुने वाक्य उच्चारले की रक्त हेच मुळी जुलाबाचे औषध आहे, आतडे आपोआप धुतले जाते. या वाक्यात थोडे तथ्य आहे. आतड्यात साचलेल्या रक्ताने आतड्याची हालचाल वाढते आणि वारंवार संडासला होते, हे खरे. पण हालचाल वाढणे आणि आतडे स्वच्छ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन एनिमा देऊन रात्री दीड वाजता दुर्बीण घातली गेली. आधी वरच्या बाजूने जठर आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, पाहिले, ते स्वच्छ निघाले. ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक दोन्ही घेणाऱ्या रुग्णात ते पाहणे योग्यच होते, कारण जोरदार लाल रक्त पडणाऱ्या दर शंभर रुग्णांतील दहा-पंधरांमध्ये स्रोत वरच्या भागात सापडतो. त्या फेरीची जमेची बाजू एवढीच.

खालच्या बाजूने, म्हणजे कोलोनोस्कोपीत, सिग्मॉइड या गुदाशयालगतच्या भागापर्यंत एनिमामुळे वाट मोकळी होती. त्यापुढे गाठी, पातळ मळ आणि काळपट रक्त यांचा थर लागला. रक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून रक्ताने माखलेल्या पोकळीत पडदा काळवंडतो आणि भिंत कुठे, पोकळी कुठे हेच उमगेनासे होते. अशा वेळी दुर्बीण पुढे ढकलणे म्हणजे भिंतीला भोक पडण्याचा धोका पत्करणे. शोषणनलिका गाठींनी दोनदा तुंबली. डावीकडच्या वळणाच्या, म्हणजे स्प्लेनिक फ्लेक्शरच्या पुढे जाता आले नाही आणि चाळीस मिनिटांनी प्रयत्न सोडून द्यावा लागला. अहवालात ‘डाव्या बृहदांत्रात रक्त आढळले’ असे लिहिले गेले. या नोंदीने पुढे दिशाभूल होऊ शकली असती, कारण मोठ्या आतड्यातले रक्त पुढे जाते तसेच मागेही सरकते. एखाद्या भागात रक्त दिसले म्हणजे स्रोत तिथेच आहे असे म्हणता येत नाही. एनिमा निरुपयोगी आहे असे मात्र नाही. पॉलिप काढल्यानंतर किंवा गुदाशयातील जखमेतून रक्त येत असल्याची दाट शंका असेल, तर तेवढ्याच भागासाठी एनिमा पुरतो. आबांच्या बाबतीत अशी शंका घेण्याजोगे काहीच नव्हते.

भूल उतरल्यावर पेगलेक, म्हणजे आतडे धुणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण, सुरू करायचे ठरले आणि तेव्हा मुलाने जो प्रश्न विचारला तो इतका रास्त होता की त्याचे उत्तर घाईत देऊन चालले नसते. ‘डॉक्टर, रक्त जातंय आणि तुम्ही वर जुलाब देताय?’ जुलाब म्हटले की आपल्याला अशक्तपणा, डोळे खोल जाणे, शरीरातले पाणी निघून जाणे आठवते, आणि एरंडेलापासून मॅग्नेशियम सल्फेटपर्यंतची बहुतेक जुनी औषधे तशीच वागतात: ती आतड्यात पाणी ओढून आणतात किंवा आतड्याला डिवचतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण वेगळ्या तत्त्वावर बेतलेले आहे. १९८० मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अशा हिशेबाने तयार केले की त्यातील क्षार आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिळून त्याचा ऑस्मोटिक दाब रक्ताइतकाच राहावा. परिणामी आतडे त्यातले पाणी फारसे शोषत नाही आणि शरीरातले पाणी त्यात फारसे सोडतही नाही. चार लिटर आत जातात, जवळपास तेवढेच बाहेर येतात आणि वाटेत भिंत धुतली जाते. नळीतून पाणी सोडून गाळ काढावा तशी ही क्रिया आहे. या धुण्याने थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो ही भीती स्वाभाविक असली, तरी ती खरी मानण्याजोगा आधार मिळालेला नाही. मुलाला हे सांगितल्यावर तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मग हे आधीच का नाही केलं?’

पर्याय म्हणून दुसरी दोन औषधे त्या रात्री वॉर्डाच्या कपाटात होती. सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली रुग्णाला प्यायला सोपी जाते, पण वयस्कर, टेल्मिसार्टनसारखे औषध घेणाऱ्या आणि नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसात ते मूत्रपिंडात फॉस्फेट साचवून कायमची इजा करू शकते. मॅनिटॉल आपल्याकडे स्वस्त म्हणून अजून वापरले जाते. आतड्यातील जिवाणू ते आंबवून हायड्रोजन तयार करतात, आणि जिथे विजेच्या दाहकाने रक्तस्राव थांबवावा लागण्याची शक्यता आहे तिथे हा वायू साठू देणे अक्षम्य आहे. मॅनिटॉलने तयारी केलेल्या रुग्णाच्या आतड्यात दाहक वापरताना स्फोट होऊन मृत्यू झाल्याची फ्रान्समधील घटना १९७९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. दोन्ही बाजूला ठेवली.

पहाटे तीन वाजता तयारी सुरू झाली. पेगलेकची १३७.१५ ग्रॅमची पुडी दोन लिटर पाण्यात विरघळते; दर पंधरा मिनिटांनी एक मोठा ग्लास, म्हणजे तासाला साधारण एक लिटर, अशी गती ठरवली. नियोजित तपासणीत हेच द्रावण आदल्या संध्याकाळी निम्मे आणि सकाळी निम्मे असे विभागून देतात, पण रक्तस्रावाच्या रुग्णात चार ते सहा लिटर तीन-चार तासांत, बाहेर येणारे पाणी नितळ होईपर्यंत द्यावे लागते, आणि ही मात्रा एखाद्या तरण्याताठ्या माणसालाही सहज पिता येत नाही. द्रावणाला खारट-गुळचट, बुळबुळीत चव असते. आबांनी पहिले तीन ग्लास कसेबसे घेतले, चौथ्याला मळमळ झाली, पाचव्याला उलटी. ईसीजीवर क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाच्या लयीशी निगडित एक माप, तपासून उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन दिले. ‘आबा, अजून एवढाच’ असे सिस्टरने किती वेळा म्हणावे यालाही मर्यादा असते. सव्वाचार वाजता त्यांनी ग्लास हाताने बाजूला सारला.

आपल्या वॉर्डांमध्ये बहुतेक तयाऱ्या याच क्षणी फसतात, आणि त्या फसल्या आहेत हे दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातल्यावर कळते. फाइलवर ‘पेगलेक ४ लिटर’ असे लिहिलेले असते. त्यातले किती प्यायले, किती खिडकीतून गेले, किती उलटीत गेले हे कुठेच लिहिलेले नसते. आमच्या सिस्टरने मात्र ‘घेतले १२५० मिली, उलटी अंदाजे ५०० मिली’ अशी नोंद केली होती. आबांना आणि मुलाला समजावून सव्वापाच वाजता नाकातून जठरापर्यंत जाणारी राइल्स ट्यूब घातली, ती जठरातच आहे याची एक्स-रेने खात्री केली आणि साडेपाच वाजता तिच्यातून द्रावण सोडायला सुरुवात केली. खाटेचे डोके ४५ अंशांपर्यंत वर ठेवले होते, आणि ते सबंध चार तास तसेच ठेवायचे असे मावशींनाही बजावले होते. हे द्रावण श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसात पाणी भरण्यापर्यंत प्रकरण जाते. म्हणून रुग्ण गुंगीत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा खोकून घसा मोकळा करू शकत नसेल, तर आधी श्वासमार्ग सुरक्षित करावा लागतो. दर तासाला पोट फुगते आहे का, छातीत घरघर आहे का आणि लघवी किती झाली हे पाहिले जात होते. द्रावणाचे पाणी शोषले जात नाही हे खरे, पण स्टेंट असलेल्या हृदयाच्या बाबतीत पुस्तकावर विसंबून झोपी जाणे बरे नाही.

बाकी सगळे काम कमोडपाशी झाले. पाय लटपटत असलेला वयस्कर माणूस पहाटे संडासाकडे धावताना पडतो आणि रक्तस्रावातून वाचून खुब्याच्या हाडामुळे अंथरुणाला खिळतो, म्हणून खाटेला लागूनच कमोड ठेवला आणि प्रत्येक वेळी सोबत एक माणूस ठेवला. साडेसहाला बाहेर आलेले पाणी कोकमाच्या आगळासारखे होते, साडेसातला पातळ कोकम सरबतासारखे, साडेआठला हळदीच्या पाण्यासारखे पिवळे पण तळाशी चोथा असलेले. इथे थांबण्याचा मोह होतो, कारण रंग पिवळा झाला की सगळ्यांना हायसे वाटते. परंतु आतड्याची उजवी बाजू सर्वांत शेवटी साफ होते, आणि भारतासह आशियाई देशांमध्ये रक्तस्रावाची जागा बरेचदा त्याच बाजूला असते. साडेनऊला, नळीतून चौथा लिटर संपल्यावर, पाणी इतके नितळ आले की भांड्याचा तळ दिसला.

याच दरम्यान पहाटेचे हिमोग्लोबिन ७.६ आले होते. हृदयरोग नसता तर सातपर्यंत थांबता आले असते. स्टेंट असल्याने आठची मर्यादा धरून एक पिशवी रक्त दिले. डायक्लोफेनॅक कायमचे बंद केले. ॲस्पिरिन मात्र हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून चालू ठेवले. एकदा हृदयविकार झालेल्या माणसात ॲस्पिरिन थांबवल्याने होणारे नुकसान रक्तस्रावाच्या नुकसानीपेक्षा जड पडते, हे नातेवाइकांना पटवणे जुलाबाचे कारण पटवण्याहूनही कठीण गेले.

शेवटचा घोट आणि भूल यांच्यात किमान दोन तास जावेत म्हणून बारा वाजेपर्यंत थांबलो, राइल्स ट्यूबमधून जठरात उरलेले द्रावण ओढून घेतले आणि दुर्बीण घातली. सात-आठ मिनिटांत सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, आले. आतड्याची स्वच्छता मोजणाऱ्या बोस्टन मापनात आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. उजव्या भागाला दोन आणि उरलेल्या दोघांना तीन-तीन, असे आठ झाले. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातही दुर्बीण नेली, तिथे पित्तमिश्रित पिवळसर पाणी होते, रक्ताचा मागमूस नव्हता. म्हणजे स्रोत लहान आणि मोठ्या आतड्यांमधल्या झडपेच्या खाली होता. हा टप्पा आपल्याकडे वगळू नये. टायफॉइडचे व्रण आणि क्षयरोग या दोन्ही व्याधी नेमक्या इथेच बसतात, आणि तरुण रुग्णात ताप आणि रक्तस्राव एकत्र दिसला तर हेच स्थान आधी आठवावे.

असेंडिंग कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजव्या चढत्या भागात, भिंतीतून बाहेर आलेले आठ-दहा फुगवटे, म्हणजे डायव्हर्टिक्युला, दिसले. त्यांपैकी बहुतेक रिकामे होते. एकाच्या तोंडाशी चिकटलेली छोटी गाठ पाण्याच्या झोताने सैल केली तेव्हा खाली रक्तवाहिनीचे टोक दिसले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते झिरपू लागले. दोन क्लिप लावल्यावर झिरपणे थांबले. ही जागा आदल्या रात्री दुर्बीण जिथे अडली त्या वळणापासून अर्ध्या आतड्याइतकी पुढे होती. डायव्हर्टिक्युलमचा रक्तस्राव चारांतील सुमारे तीन रुग्णांत आपोआप थांबतो, आणि थांबल्यावर कोणत्या फुगवट्यातून रक्त आले हे सांगणारी खूण म्हणजे एवढीशी रक्तवाहिनी किंवा चिकटलेली गाठ. ती मळाच्या एका कपट्याखालीही लपते.

या ठिकाणी वेळेच्या वादाबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण ‘चोवीस तासांच्या आत कोलोनोस्कोपी’ हा नियम अजूनही घोकला जातो. लॉस एंजेलिसमधील जेन्सन यांच्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात काही तासांतच दुर्बीण घालून उपचार केल्याचे चांगले परिणाम दाखवले होते. पण त्या रुग्णांचे आतडे आधी कसून धुतले होते, हा तपशील सांगोवांगीत गळून गेला आणि फक्त घाई उरली. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात चोवीस तासांची शिफारस होती. पुढे जपानमधील १५ रुग्णालयांतील यादृच्छिक चाचणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, चोवीस तासांच्या आत आणि चोवीस ते शहाण्णव तासांत तपासणी केलेल्या दोन्ही गटांत रक्तस्रावाची खूण सापडण्याचे प्रमाण जवळपास सारखेच, सुमारे २१ टक्के, निघाले. युरोपच्या २०२१ च्या आणि त्याच अमेरिकन संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शनाने चोवीस तासांचा आग्रह सोडला. माझ्या मते याचा अर्थ दुर्बीण निवांत घालावी असा नाही. घड्याळाला घाबरून सफाई अर्धी सोडण्याचे निमित्त आता उरले नाही, एवढाच आहे. आमच्या पहिल्या फेरीने आबांचे तीन तास, एक भूल आणि मुलाचा थोडा विश्वास घेतला, आणि तयारी तरीही करावीच लागली.

सलाइन आणि रक्त देऊनही शॉक इंडेक्स एकाच्या वरच राहिला असता तर हा सगळा मार्ग चुकीचा ठरला असता. अशा रुग्णाला चार तास कमोडवर बसवणे धोक्याचे असते. त्याची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी तपासणी, करावी. तिला आतड्याची तयारी लागत नाही, तोंडाने कॉन्ट्रास्ट द्यावा लागत नाही, आणि मिनिटाला ०.३ ते ०.५ मिलिलिटर इतका रक्तस्राव चालू असेल तर जागा दिसते. सीटी आमच्याकडे रात्रीही होते. कॅथेटरने रक्तवाहिनी बंद करण्याची सोय मात्र मोठ्या शहरात, म्हणून अशा रुग्णासाठी रुग्णवाहिका आधी बोलवावी आणि सीटी तिची वाट पाहत असताना करावे. तसेच आतड्यात अडथळा, भोक पडल्याची शंका, तीव्र कोलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहाने, फुगलेले आतडे किंवा जठराचे तोंड आवळलेले असेल तर पेगलेकचा एक ग्लासही देऊ नये. पोट फुगलेले असेल तर आधी एक्स-रे.

आबांना चौथ्या दिवशी घरी सोडले. त्यांच्यानंतर वॉर्डाच्या तयारीच्या कागदावर तीन रकाने वाढवले: प्रत्यक्ष पोटात गेलेले मिलिलिटर, उलटीतून गेलेले मिलिलिटर आणि शेवटच्या तीन वेळच्या पाण्याचा रंग; आणि पहिल्या रात्रीच्या अहवालातील ‘डाव्या बृहदांत्रात रक्त आढळले’ या ओळीखाली ‘तपासणी अपूर्ण, स्रोत अनिश्चित’ असे तारखेसह लिहून सही केली. तीन आठवड्यांनी आबा दाखवायला आले तेव्हा हिमोग्लोबिन १०.४ होते, रक्त पुन्हा पडले नव्हते. गुडघे दुखत होतेच. पॅरासिटामॉल लिहून दिले, आणि सुनेने या वेळी पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या विचारण्याआधीच टेबलावर मांडल्या.